निकालाच्या अधीन

१२ फेब्रुवारी

ताई,

पत्र बघून दचकला असाल. घाबरू नका, बाबा ठीक आहेत. तुमच्या वकिलांनी तुम्हाला आणि खात्याच्या वकिलांनी आम्हा नवरा-बायकोला बजावलंय, की निकाल लागेपर्यंत एकमेकांशी फोनवर बोलायचं नाही. पत्राबद्दल मात्र दोघांपैकी कुणीच काही म्हणालं नाही. हल्ली पत्र लिहितं कोण, असं त्यांना वाटलं असणार. म्हणून दवाखान्यात बसून लिहिते आहे. दुपारी डॉक्टर जेवायला जातात, तेव्हा काउंटरवर मी एकटी असते. दातांच्या डॉक्टरकडे माणसं तशीही उशिराच येतात, आणि जमलं तर येतच नाहीत.

मला आडून आडून बोलता येत नाही, हे तुम्हाला आमचं लग्न ठरल्यापासून माहीत आहे. म्हणून सरळ सांगते. केस मागे घ्या.

थांबा, फाडू नका. तुमची बाजू मला पाठ आहे. पाणीपुरवठा खात्याच्या पंप ऑपरेटरच्या परीक्षेत तुम्ही पहिल्या आलात. लेखी परीक्षेत पहिल्या, आणि पंपघरात उभं करून मशीन चालू करायला लावलं त्यातही पहिल्या. मग खात्याचं उत्तर आलं, की या पदाला रात्रपाळी असते, सबब महिला उमेदवाराचा विचार करता येत नाही. तुमच्या खालचं नाव वर सरकलं, आणि ते नेमकं तुमच्या भावाचं निघालं. यात त्याचा काय दोष? परीक्षा त्यानेही दिली होती. त्याने काय करायला हवं होतं, नोकरी नको म्हणून लिहून द्यायला हवं होतं का?

'हो' म्हणताना तुमचं तोंड कसं झालं असेल, ते मला इथून दिसतंय.

पण इकडचं ऐका. त्याला खात्यातून येणाऱ्या प्रत्येक कागदावर एक ओळ असते, 'याचिकेच्या निकालाच्या अधीन.' त्याला कायम करत नाहीत, तेही याच ओळीमुळे. क्वार्टर मिळालंय तेही त्याच ओळीवर. तुम्ही पाहिलेलं नाही, म्हणून सांगते. दोन खोल्या आहेत, स्वयंपाकघराच्या खिडकीतून गाळणीच्या टाक्या दिसतात, आणि पंप चालू असले की फडताळातल्या बश्या एकमेकींशी बारीक आवाजात बोलत असतात. मला आवडतं ते घर. पण आम्ही अजून पलंग घेतलेला नाही. गाद्या जमिनीवर घालतो. निकाल तुमच्या बाजूने लागला तर पलंग कुठे ओढत नेणार?

तो तुमचं नाव घेत नाही. 'याचिकाकर्ती' म्हणतो. परवा बाबांना विचारलं, "याचिकाकर्तीचा फोन होता का?" बाबा म्हणाले, "हो. याचिकाकर्ती विचारत होती, तू वेळेवर जेवतोस का." तो ताटावरून उठून गेला. भाजी चांगली झाली होती, वाया गेली.

तुम्हाला तिथल्या कारखान्यात चांगली नोकरी आहे, पंपच चालवता, लोक मान देतात. आमच्याकडे हे एकच आहे. माझ्या दवाखान्याचं काही खरं नाही. विचार करा.

पाया पडते.
तुमची वहिनी

७ मार्च

ताई,

उत्तर मिळालं. चार ओळी. वकिलाने मोजून दिल्या होत्या की काय?

'मी त्याच्याशी भांडत नाही, खात्याशी भांडते आहे.' ताई, वाक्य छान आहे. पण खातं रात्री नीट झोपतं हो. खात्याला मळमळत नाही. तुमचा भाऊ मात्र कुशीवर कुशी बदलत असतो, आणि मी जागी आहे हे त्याला कळू नये म्हणून डोळे मिटून पडून राहते. (मळमळीचं मनावर घेऊ नका. दवाखान्यात दिवसभर लवंगेच्या तेलाचा वास असतो.)

दुसरीही एक गोष्ट सांगायची आहे. सांगू की नको, असं तीन दिवस चाललंय.

रविवारी खात्याचे वकील घरी आले होते. तुम्ही त्यांना कोर्टात पाहिलंच असेल, बोलताना सारखे चष्मा काढून पुसतात ते. बाबांच्या समोर बसले. म्हणाले, "तुम्ही त्या पंपघरात उभं आयुष्य काढलंत. तुमच्या शब्दाला वजन आहे. फक्त एवढंच प्रतिज्ञापत्र द्यायचं, की रात्रपाळी हे बाईमाणसाचं काम नाही."

बाबा म्हणाले, "ती माझी मुलगी आहे."

"आणि हा?" वकिलांनी दाराकडे बोट केलं. दारात तुमचा भाऊ उभा होता, हातात चहाचा ट्रे. त्याला कुठे ठेवू कळत नव्हतं.

बाबांनी उठून त्याच्या हातातला ट्रे घेतला आणि खाली ठेवला. मग म्हणाले, "मी खोटं लिहून देणार नाही."

"खोटं कशाला? जे आहे तेच लिहा. मी गुरुवारी माणूस पाठवतो."

वकील गेले. बाबा मागच्या पायरीवर जाऊन बसले. मी बाहेर गेले तर म्हणाले, "सूनबाई, मला दोन मुलं आहेत की दोन पक्षकार?" मी कपडे वाळत घालत राहिले.

गुरुवार होऊन गेला. बाबांनी काय केलं ते मला विचारू नका.

तुमची वहिनी

१९ एप्रिल

ताई,

तर तुम्हाला कळलं. कळणारच होतं, कोर्टात दाखल झालेला कागद काही लपत नाही. बाबा म्हणतात, तुमचा फोन येणं बंद झालंय. दर रविवारी सकाळी ते फोन पुसून समोर ठेवतात आणि वाचायचं सोंग करतात.

त्यांच्यावर रागावू नका. रागवायचंच असेल तर माझ्यावर रागवा. सही बाबांची आहे, पण त्यातला मजकूर माझा आहे. आणि मी तो जीव ओतून लिहिलाय, उगाच खोटं कशाला बोलू?

बाबांचा हात थरथरतो, म्हणून लिहायला मी बसले. बाबांनी एकच वाक्य सांगितलं, "काम अवघड आहे." मी म्हटलं, "बाबा, एवढ्याने काय होणार? अवघड म्हणजे कसं, ते सांगा." मग मीच एकेक विचारत गेले. पंपघरात खाली उतरायचा जिना कसा आहे? म्हणाले, लोखंडी, ओला, आणि दिवा नाही. होता, पण गेल्यावर खात्याने परत लावला नाही. दाराला आतून कडी? नाही. संडास? नाही, गेटच्या बाहेर जावं लागतं. रात्री किती जण असतात? एकच. फोन? खात्याचा आहे, पण वरच्या मजल्यावर. खाली काही झालं तर? "तर काय, आपणच आपलं बघायचं."

मी सगळं लिहिलं. बाबा म्हणाले, "एवढं कशाला?" मी म्हटलं, "जितकं भयंकर दिसेल तितकं बरं." वाचून दाखवताना माझ्याच अंगावर काटा आला, आणि मला आनंद झाला. म्हटलं, हे वाचून कुठला न्यायाधीश बाईला तिथे पाठवेल?

मग लक्षात आलं, की आठवड्यातून दोन रात्री माझा नवरा तिथे असतो. त्या जिन्यावर, त्या कडी नसलेल्या दाराआड. तरी मी कागद बाबांपुढे सहीला ठेवला.

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? खरंच विचारते आहे, टोमणा नाही.

आणखी एक. हे तुमच्या वकिलाला दाखवू नका, माझ्या गळ्याची शपथ. तुमचा भाऊ पाळीवरून बाबांना फोन करतो. मोटरच्या अंगाला स्वतःचा मोबाइल टेकवतो, आणि इकडे बाबा डोळे मिटून ऐकतात. परवा संध्याकाळी मी समोरच होते. बाबा म्हणाले, "काही झालेलं नाही. ग्रीस दे आणि गप्प बस." पाच मिनिटांनी परत फोन. "बाबा, नीट ऐकलंत ना?" बाबा म्हणाले, "अरे, मशीनपेक्षा तुझाच आवाज जास्त थरथरतोय."

तो वाईट ऑपरेटर नाही. आजवर काही बिघडलेलं नाही त्याच्या हातून. फक्त त्याला सारखं वाटतं, आता बिघडेल.

हे मी तुम्हाला का सांगितलं, मलाच कळत नाही. घरात दुसरं कुणाला सांगू?

बाबांना फोन करा.

वहिनी

१४ जुलै

ताई,

अभिनंदन म्हणावं की नाही, कळत नाही. कोर्टाच्या त्या लांब व्हरांड्यात तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मी खांबाकडे पाहिलं. तुमच्या वकीलबाई हसत होत्या, तुम्ही नव्हता हसत. ते मी बघितलं.

तिथे सगळं इतक्या झटपट झालं, की मला अर्धं कळलंच नाही. वर पंखा खडखडत होता, न्यायमूर्ती हळू बोलत होते, आणि पुढचे वकील सगळे मान हलवत होते. मग एकदम बाबांचं नाव कानावर आलं. बाबा ताठ झाले, शाळेत हजेरीला व्हावं तसे. आणि न्यायमूर्तींनी वाचायला सुरुवात केली. जिना. दिवा. कडी. संडास. माझीच वाक्यं, ताई! त्यांनी चष्म्यावरून खात्याच्या वकिलांकडे बघितलं आणि विचारलं, "इथे तुम्ही रोज रात्री एका माणसाला एकट्याला पाठवता?" वकील म्हणाले, "म्हणूनच तर महिला नको, असं आमचं म्हणणं." न्यायमूर्ती म्हणाले, "जिना अंधारा असेल तर त्यावर उपाय दिवा आहे. उमेदवाराने पुरुष असणं हा नव्हे."

मागे कुणीतरी हसलं.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. रात्रपाळीचा नियम रद्द. तुमची नेमणूक, मागल्या तारखेपासून ज्येष्ठतेसकट. पंपघरात दिवा, कडी, संडास, सगळं खात्याने करायचं. आणि तुमच्या भावाची नेमणूक रद्द. पुढे जागा निघाली तर खात्याने त्याचा 'विचार करावा.' आमच्या आयुष्याला कोर्टाने दिलेले दोन शब्द.

बाहेर आल्यावर खात्याचे वकील माझ्यावरच घसरले. "बाई, एवढं सगळं लिहायला कुणी सांगितलं होतं?"

मी म्हटलं, "दाखल करण्याआधी तुम्ही वाचलं नव्हतं का?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. वाचलं नव्हतं. मथळा आणि सही बघितली होती.

बाबा कोर्टाच्या पायऱ्यांवरच बसले. त्यांना उठवायला गेले तर म्हणाले, "पोराला वाचवायला सही केली, आणि त्याच सहीने पोराची नोकरी घालवली." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि पोरीने बोलणं टाकलं ते वेगळंच." तुम्ही तेव्हा फाटकापाशी रिक्षा शोधत होता. मला वाटलं, हाक मारावी. मारली नाही.

तुमचा भाऊ आला नव्हता. पाळीवर होता. निकाल मी त्याला फोनवर सांगितला. पलीकडे पंपांचा आवाज एवढा होता, की दोनदा ओरडून सांगावं लागलं. आपल्या माणसाची नोकरी गेली हे ओरडून सांगून बघा कधी.

आता खरं सांगते. वकील म्हणतात, वरच्या कोर्टात जाता येईल. खातं जाईल न जाईल, पण तुमच्या भावाने स्वतः अपील केलं तर बहुधा स्थगिती मिळेल, आणि मग वरचा निकाल लागेपर्यंत तो तिथेच राहील आणि तुम्ही बाहेर. कागद तयार आहेत. सही तेवढी हवी. मी त्याला सही कर म्हणाले आहे. तुमच्या पाठीमागे नाही, तुम्हाला सांगून म्हणते आहे.

कारण मला दिवस गेलेत, ताई. लवंगेचं तेल नव्हतं ते. दवाखान्यात अजून सांगितलेलं नाही. नोकरीवर घेताना डॉक्टरांनी विचारलं होतं, "मूलबाळाचा विचार कधी?" मी म्हटलं होतं, इतक्यात नाही. माणूस वाईट नाही, पण माझ्या आधीची मुलगी बाळंतपणाला गेली आणि परत आली तेव्हा तिच्या खुर्चीवर मी होते. ते निकालपत्र मी दोनदा वाचलं, कुठे माझ्यासारखीसाठी काही आहे का म्हणून. सगळं सरकारी नोकरीचं आहे. खासगी दातांच्या दवाखान्याबद्दल न्यायमूर्ती काही म्हणाले नाहीत.

तुम्ही जिंकलात याचा मला आनंद व्हायला हवा होता. बाई म्हणून. शेजारीण तेच म्हणाली, "तुम्ही बाई असून..." मी तिला म्हटलं, "मी बाई आहे, पण पगार ज्याचा यायचा तो पुरुष आहे, काय करू?"

शुक्रवारी तो सहीला जाणार आहे.

वहिनी

२ ऑगस्ट

ताई,

हे पत्र टपालाने नाही, बाबांच्या हाताने येतंय. तुमची पाळी दोनची. ते दीडलाच फाटकाशी जाऊन उभे राहणार आहेत. नवीन शर्ट घातलाय. मी म्हटलं, "बाबा, मुलगी सासरी निघालीय का?" तर म्हणाले, "नाही, माहेरी येतेय."

त्या शुक्रवारी काय झालं ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. तो वकिलांकडे गेला आणि तासाभराने परत आला. मी दारातच विचारलं, "केली सही?"

"नाही."

"का?"

चप्पल काढता काढता म्हणाला, "त्यात लिहिलं होतं, स्त्रियांना अशा यंत्रांची जाण नसते. मी शपथेवर सांगायचं होतं ते."

"मग? वकिलांची भाषा असते ती."

"मला व्हॉल्व्ह उघडायला कुणी शिकवलं? बाबांनी नाही. बाबा नुसते ओरडायचे. ती चाकावर माझ्या हातावर हात ठेवायची आणि म्हणायची, घाई करू नकोस, पाण्याला कळू दे." मग हसला. वर्षभरात पहिल्यांदा, आणि तेही रडवेलं. "मी सही केली असती ना, तर वकिलाच्या टेबलालासुद्धा कळलं असतं, हा खोटं बोलतोय."

मी खूप भांडले त्याच्याशी. तुम्हाला वाटेल, ऐकून विरघळले असेन. मुळीच नाही. म्हटलं, खरं बोलून पोट भरतं का? येणाऱ्या पोराला काय सांगणार, तुझा बाप खरा होता पण बेकार होता? तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "अपील केलं तर वर्षानुवर्षं चालेल. तेवढी वर्षं मी त्या खोलीत, रोज भीत, आणि ती बाहेर, रोज चिडलेली. कुणाचं भलं होणार यात?" मी दार आपटून आत गेले. आतून म्हटलं, "माझं झालं असतं." पण आवाज हळूच निघाला.

आता तो कारखान्यांचे उंबरठे झिजवतोय. दोन ठिकाणी 'कळवतो' म्हणालेत. मी डॉक्टरांना सांगून टाकलं. कधीतरी दिसणारच होतं. ते 'बघू' म्हणाले आणि पेशंटच्या तोंडात डोकं घातलं. त्या 'बघू'वर मी रोज कामाला जाते.

क्वार्टर पहिल्या तारखेपासून तुमच्या नावावर झालंय. म्हणजे आज मी तुमच्या घरात बसून लिहिते आहे. बाबांकडे तुमचा निरोप आला, की सगळ्यांनी एकत्रच राहायचं, कुणी कुठे जायचं नाही. ताई, मी अजून हो म्हटलेलं नाही. एका छपराखाली तुम्ही पगार आणणार, आणि तो सकाळी कपडे घालून नुसताच बाहेर पडणार. जमेल का? मला माहीत नाही. पण नाहीही म्हटलेलं नाही.

आता आजचं. खात्याने पाळ्यांचा कागद लावलाय. सकाळची पाळी तुमच्या भावाची, शेवटची. दुपारी दोनला तुम्ही. म्हणजे पाळी तो तुम्हाला देणार. ती कशी देतात ते तुम्हाला मी काय सांगणार? जाणाऱ्याने येणाऱ्याला बरोबर घेऊन एकेका मशीनपाशी थांबायचं, ती आज कशी वागली ते तोंडाने सांगायचं, आणि येणाऱ्याने 'घेतली' म्हटल्याशिवाय फाटक ओलांडायचं नाही. कागदावर लिहून चालत नाही. बाबा म्हणतात, त्यांच्या काळात दोन ऑपरेटरांचं जमिनीवरून कोर्टात भांडण होतं, तरी पाळी देताना एकमेकांशी बोलावंच लागायचं त्यांना.

गेल्या आठवड्यापासून तो म्हणत होता, रजा टाकतो, दुसरा कुणी देईल. सही न करणं वेगळं आणि तुमच्या समोर उभं राहणं वेगळं. काल रात्री डबा भरताना मी विचारलंही नाही. आज पहाटे उठला आणि गेला.

सकाळी दहाला त्याचा फोन आला. मला वाटलं, बाबांना हवा असेल. पण म्हणाला, "तू दवाखान्यात जाण्याआधी तिला एक निरोप पाठव. दुसऱ्या नंबरच्या पंपाचं..." आणि पुढे पाच मिनिटं सांगत राहिला, काय करायचं, काय अजिबात करायचं नाही, सुरुवातीला आवाज कसा येईल, त्याला भ्यायचं का नाही. आवाज अजिबात थरथरत नव्हता. सगळं मुद्देसूद. मी म्हटलं, "हे मला कशाला?"

"तू लिहितेस ना तिला. लिही."

त्याला माहीत होतं, ताई. सगळी पत्रं माहीत होती. कधी बोलला नाही.

मी म्हटलं, "मला पंपातलं ओ की ठो कळत नाही. उलटसुलट लिहीन आणि गावाचं पाणी बंद पाडीन. तू तिथेच असशील दोनला. तूच सांग."

मग म्हणाला, "ठीक आहे," आणि फोन ठेवला.

तेव्हा दुसऱ्या नंबरच्या पंपाबद्दल तुम्हाला काहीतरी महत्त्वाचं सांगायचंय. ते मी लिहीत नाहीये. सांगणारा खाली उभा असेल. तो सांगायला वेळ लावेल, तोवर पंप चालू करू नका.

वहिनी